एक भाषा, अनेक दुभाषी

माळव्यातील देवास या एका गावात १९४८ सालापर्यंत दोन राज्ये नांदत होती. पहिल्या बाजीरावाच्या काळी पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी हे दोघे बंधू माळव्यात आले आणि त्यांच्या वंशात पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. दोहोंचे नाव देवास आणि दोहोंची राजधानीही देवासच. गावातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका कारभाराखाली, तर समोरची बाजू दुसऱ्या कारभाराखाली असे. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन बाजूंस निरनिराळी होती. अशा गावात नव्याने आलेल्या पाहुण्याने ‘देवासात पाण्याची सोय कशी आहे?’ असे विचारले, तर त्याच्या प्रश्नात कोणताही दोष नसतानाही त्याला नेमके उत्तर देणे कठीण होते. तो रस्त्याच्या कोणत्या बाजूस उभा आहे हे आधी कळावयास हवे होते.

श्रोतेहो, आजचा विषय संस्थानी इतिहासाचा नाही. विषय आहे तो संगणकाच्या भाषेचा. परंतु एका नावाखाली दोन कारभार चालू असले म्हणजे साध्या प्रश्नाचीही कशी दोन उत्तरे होतात, हे देवासच्या त्या रस्त्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. म्हणून प्रारंभ तेथून केला.

संगणकाला काम सांगावयाचे ते आज्ञावलीच्या रूपाने, आणि आज्ञावली लिहावयाची ती एखाद्या ठरावीक भाषेत. अशा भाषांपैकी पायथॉन ही आज जगभर प्रचलित आहे. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथे तिची रचना आरंभिली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांच्या हाती दिली. आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात हीच भाषा शिकविली जाते.

आता यंत्राला स्वतःला ही भाषा कळत नाही. त्याला कळतात त्या केवळ विद्युतसंकेतांच्या आज्ञा. मनुष्य आणि यंत्र यांच्यामध्ये म्हणून एक दुभाषी लागतो. या दुभाष्याला इंटरप्रीटर म्हणतात, आणि तोही वस्तुतः एक आज्ञावलीच असतो. पायथॉनचे असे अनेक दुभाषी आहेत. मूळचा आणि सर्वांत प्रचलित तो सी या भाषेत लिहिलेला. त्याला सीपायथॉन म्हणतात. जावाच्या जगात वावरणारा जायथॉन १९९७ साली जिम ह्यूगुनिन यांनी निर्माण केला. त्यांनीच पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट यंत्रणेसाठी आयर्नपायथॉन रचला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली निघाली. वेगासाठी प्रसिद्ध असलेला पायपाय हा आणखी एक. डेमियन जॉर्ज यांनी २०१३–१४ च्या सुमारास तयार केलेला मायक्रोपायथॉन सर्वांत लहान. अवघी सोळा किलोबाइट स्मृती असलेल्या चिमुकल्या फळीवरही तो चालू शकतो. या सर्वांची भाषा एकच आहे असे मानले जाते, आणि बव्हंशी ते खरेही आहे. जेथे ते खरे नाही, तेथे काय घडते हे पाहावयाचे आहे.

त्यासाठी भाषेतील एक अगदी नित्याची क्रिया घेऊ. पायथॉनमध्ये प्रत्येक गोष्ट ही एक वस्तू असते आणि प्रत्येक वस्तूला गुण असतात. वस्तूचे नाव लिहावे, त्यापुढे एक टिंब द्यावे आणि गुणाचे नाव लिहावे, म्हणजे तो गुण मिळतो. विद्यार्थी या वस्तूपुढे टिंब देऊन ‘इयत्ता’ असे लिहिले की इयत्ता हाती येते. लिहिणाऱ्याला एका टिंबाचे श्रम. दुभाष्याला मात्र त्या टिंबापाशी लहानशी शोधयात्रा करावी लागते.

या यात्रेचा क्रम भाषेच्या नियमांत घालून दिलेला आहे. प्रत्येक वस्तूपाशी सामान्यतः तिची स्वतःची एक नोंदवही असते. शिवाय प्रत्येक वस्तू कोणत्या तरी वर्गाची असते. त्या वर्गाचे एक दप्तर असते, आणि वर्गाला पूर्वज असतात, त्यांचीही दप्तरे असतात. दुभाषी प्रथम वर्गाच्या व त्याच्या पूर्वजांच्या दप्तरांत पाहतो की, या गुणाच्या लेखनावर वर्गाने स्वतःची चौकी बसविली आहे काय. बसविली असल्यास त्या चौकीचे उत्तर अंतिम. नसल्यास वस्तूच्या स्वतःच्या नोंदवहीत शोध घ्यावयाचा. तेथेही न सापडल्यास वर्गाच्या आणि पूर्वजांच्या दप्तरांत जे साधे मूल्य असेल ते घ्यावयाचे. तेही नसेल, तर वर्गाने अशा प्रसंगासाठी एखादा प्रतिनिधी नेमला असल्यास त्यास विचारावयाचे. आणि तोही नसेल, तर ‘असा गुण नाही’ हा दोष जाहीर करून थांबावयाचे.

नियम इतका स्पष्ट असताना दुभाष्यांत मतभेद व्हावेत कसे? हे भेद तीन प्रकारचे आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

पहिला भेद वाटेचा. प्रत्येक टिंबापाशी सारी दप्तरे उलगडत बसल्यास काम मंदावते. म्हणून पायपाय एकाच घडणीच्या सर्व वस्तूंसाठी एक सामाईक नकाशा ठेवतो. कोणता गुण कितव्या घरात आहे हे त्या नकाशावरून चटकन कळते. ही युक्ती १९८० नंतरच्या दशकात सेल्फ नावाच्या एका भाषेच्या निर्मात्यांनी शोधली होती. सीपायथॉनने २०१२ साली ३.३ या आवृत्तीत एका वर्गाच्या वस्तूंच्या नोंदवह्यांना नावांची एकच यादी सामाईक केली, आणि २०२२ साली ३.११ या आवृत्तीत मागच्या खेपेस गुण कोठे सापडला याची खूण टिंबापाशीच ठेवण्याची व्यवस्था केली. येथे वाटा वेगळ्या, पण उत्तर एकच. या भेदाविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही.

दुसरा भेद शेजारच्या चालीरीतींचा. जायथॉन जावाच्या घरी राहतो. जावामध्ये नाव हवे असल्यास ‘गेटनेम’ अशा पद्धतीने मागण्याची रीत आहे. जायथॉन ही रीत ओळखतो आणि जावाच्या वस्तूपुढे टिंब देऊन नुसते ‘नेम’ लिहिले, तरी आतून ‘गेटनेम’ला हाक मारून उत्तर आणून देतो. आयर्नपायथॉनची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथे अक्षरमालेची वस्तू ही डॉटनेटचीच अक्षरमाला असते. परंतु तिचे डॉटनेटकडील गुण एरवी पडद्याआड राहतात. आज्ञावलीच्या ज्या भागात ‘सीएलआर’ नावाचा घटक मागवून घेतला असेल, त्या भागापुरता पडदा दूर होतो. म्हणजे वस्तू तीच, गुणाचे नाव तेच, पण विचारणारा आज्ञावलीच्या कोणत्या भागात उभा आहे यावर उत्तर अवलंबून! देवासचा रस्ता येथे पुन्हा आठवावा. तरीही हा भेद उघडा आहे. जावाच्या वा डॉटनेटच्या घरी आपण आलो आहोत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

तिसरा भेद मात्र गंभीर आहे, कारण त्यात नियम तोच असल्याचा भास होतो आणि उत्तर निराळे येते. त्याचे एक उदाहरण पायपायच्या निर्मात्यांनी स्वतःच आपल्या माहितीपत्रकात प्रांजळपणे नोंदवून ठेवले आहे. वस्तूच्या नोंदवहीचा उल्लेख वर आलाच. समजा, ती साधी नोंदवही काढून कोणी तिच्या जागी दुसरी ठेवली, आणि या दुसरीवर एक कारकून बसविला. कारकुनाचा स्वभाव असा की, कोणतेही नाव विचारा, वहीत काय लिहिले आहे ते न पाहता ‘हे नाव माझ्याकडून’ एवढेच तो उत्तर देतो. आता वस्तूच्या एका गुणात एक मूल्य लिहिले आणि लगेच तोच गुण परत मागितला. सीपायथॉन कारकुनाकडे न पाहता थेट वहीचे पान उघडतो आणि लिहिलेले मूल्य परत देतो. पायपाय कारकुनास विचारतो आणि कारकुनाचे उत्तर आणतो.

यात चूक कोणाची? कोणाचीच नाही, असे म्हणावे लागते. ‘नोंदवहीत पाहावे’ एवढेच नियम सांगतो. वहीवर कारकून बसला असेल तर त्याला विचारून पाहावे की त्याला डावलून, याविषयी नियम मौन पाळतो. आणि जेथे नियम मौन पाळतो, तेथे प्रत्येक दुभाषी आपल्या घरच्या सोयीप्रमाणे बोलतो. सीपायथॉनला थेट पान उघडणे वेगाच्या दृष्टीने सोयीचे होते. पायपायच्या रचनेत कारकुनास विचारणे स्वाभाविक होते.

याच जातीचा आणखी एक भेद आहे. वर्गाच्या दप्तरात ठेवलेले एखादे फंक्शन, म्हणजे कार्य करणारा आज्ञांचा गट, वस्तूमार्फत मागितले तर पायथॉन त्या वस्तूला पहिला पाहुणा म्हणून आपोआप त्याच्या स्वाधीन करतो. परंतु सीपायथॉनमध्ये ते फंक्शन सी भाषेत लिहिलेले असेल, तर सामान्यतः हा पाहुणा दिला जात नाही. पायपायच्या ग्रंथालयातील कित्येक भाग सी मध्ये नसून पायथॉनमध्येच लिहिलेले आहेत. तेव्हा एकाच नावाचे फंक्शन एकीकडे सी मध्ये आणि दुसरीकडे पायथॉनमध्ये लिहिलेले असल्यास, आज्ञावलीची तीच ओळ एकीकडे चालते आणि दुसरीकडे अडते. फंक्शन कोणत्या भाषेत लिहिले आहे ही खरे तर दुभाष्याची खासगी बाब; पण ती गुणाच्या उत्तरात डोकावते.

हे भेद विद्वानांच्या चर्चेपुरतेच आहेत, असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून व्यवहारातले एक कल्पित उदाहरण घ्यावे. विहिरीवरच्या विजेच्या पंपासाठी एका छोट्या फळीवर मायक्रोपायथॉन बसविला आहे. आज्ञावलीत ‘पंपनियंत्रक’ नावाचा वर्ग आहे. त्याला दोन जन्मदाते: पहिला ‘वेळापत्रक’, दुसरा ‘सुरक्षा’. हे दोघेही ‘साधे यंत्र’ या एकाच मूळपुरुषाची अपत्ये. मोटर किती तापली म्हणजे बंद करावयाची, याची मर्यादा साध्या यंत्राने ऐंशी अंश ठरविली आहे. सुरक्षा वर्गाने ती कडक करून साठ केली आहे. वेळापत्रक त्याविषयी काहीच बोलत नाही. आता पंपनियंत्रकाला ही मर्यादा विचारली, तर उत्तर कोणते?

पायथॉनचा शोधक्रम येथे निश्चित आहे: पंपनियंत्रक, वेळापत्रक, सुरक्षा आणि सर्वांत शेवटी साधे यंत्र. अपत्यांचे सर्व बोलणे संपल्याशिवाय मूळपुरुषाला विचारावयाचे नाही, हे त्यातील तत्त्व. ही रीत प्रथम डिलन नावाच्या भाषेसाठी १९९६ साली मांडली गेली आणि पायथॉनने ती २००३ साली २.३ या आवृत्तीत स्वीकारली. उत्तर येते साठ. मायक्रोपायथॉनला मात्र स्मृती जपून वापरावयाची असते. तो एकच शाखा धरून शेवटपर्यंत चढतो: पंपनियंत्रक, वेळापत्रक, आणि तेथून थेट साधे यंत्र. तेथे ऐंशी सापडते आणि शोध तेथेच थांबतो. सुरक्षेला कोणी विचारीतच नाही.

आज्ञावली घरच्या संगणकावर, सीपायथॉनखाली, तपासलेली होती. तेथे साठ हे उत्तर आले होते. विहिरीवर ती एकही दोष न दाखविता चालू होते आणि मोटर साठ अंशांपुढे तापतच जाते. दोष दाखवून थांबणारी आज्ञावली मनुष्याला सावध तरी करते. चुकीचे उत्तर शांतपणे देणारी आज्ञावली कोणालाच सावध करीत नाही. मायक्रोपायथॉनच्या निर्मात्यांनीही हा फरक लपविलेला नाही. अनेक जन्मदात्यांची गुंतागुंतीची वंशावळ टाळावी, असा सल्ला त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट दिलेला आहे. प्रश्न एवढाच, की पंप बसविणाऱ्याने तो वाचला होता काय?

नियमाचे मौन ही काही संगणकाने प्रथम निर्माण केलेली अडचण नव्हे. देवासहून इंदूर ओलांडून पश्चिमेस गेले की धार लागते. ही अकराव्या शतकातील परमार राजा भोजाची राजधानी. येथील भोजशाळा–कमाल मौला वास्तूत नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि संस्कृतचे प्रत्यय कोरलेले लेख आहेत. १९०३ च्या सुमारास धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी या वास्तूतील लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. व्याकरण दगडावर खोदून ठेवावे इतकी त्या नगरीत त्याची आस्था होती.

पाणिनीच्या सूत्रांतही, दोन नियम एकाच जागी समबल होऊन भिडले तर कोणता बलवान मानावा, याविषयी एक सूत्र आहे. परंपरेने त्याचा अर्थ ‘ग्रंथात नंतर येणारा नियम बलवान’ असा केला. २०२२ साली केंब्रिज येथील ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाने त्याच सूत्रातील एका शब्दाचा अर्थ ‘शब्दाच्या उजव्या अंगास लागू होणारा’ असा घेतला. हे मत सर्व पंडितांना मान्य झालेले नाही. परंतु सूत्र एकच असूनही ते चालविणारे दोन असले, तर शोधाचा क्रम कसा पालटतो, याचा तो बोलका दाखला आहे.

अशा संदिग्धतेवर भोजाने एक मार्ग काढला होता. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार. ती समजण्यासाठी सूत्रांबाहेर बरेच काही लागे: कात्यायनाची वार्तिके, शब्दांच्या याद्यांचा गणपाठ, आणि नियम कसे लावावेत हे सांगणाऱ्या परिभाषा. भोजाच्या नावावर असलेल्या ‘सरस्वतीकंठाभरण’ या व्याकरणग्रंथात हे बाहेरचे साहित्य उचलून सूत्रांतच गोवले आहे. त्यामुळे सूत्रांची संख्या सहा हजारांवर गेली. ग्रंथ वाढला, पण जे चालविणाऱ्याच्या जाणतेपणावर सोपविले होते, ते नियमाच्या अक्षरांत आले.

पायथॉनच्या जगातही असे घडलेले आहे. नोंदवहीतील नोंदी ज्या क्रमाने केल्या त्याच क्रमाने परत मिळतात, ही आधी सीपायथॉनच्या ३.६ या आवृत्तीची केवळ घरची रीत होती. २०१६ सालची ही गोष्ट. पायपायने त्याआधीच तशी व्यवस्था केली होती. लोक या क्रमावर विसंबू लागले, तेव्हा २०१८ साली ३.७ या आवृत्तीपासून तो भाषेचाच नियम म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून ज्या दुभाष्याला ती आवृत्ती पाळावयाची आहे, त्याला हा क्रम बंधनकारक झाला.

प्रत्येक रीतीचा असा नियम करता येत नाही आणि करूही नये. तसे केल्यास लहान फळीवरच्या दुभाष्याला मोठ्या संगणकाचे ओझे वाहावे लागेल आणि वेगवान दुभाष्याच्या वाटा बंद होतील. म्हणून पायथॉनच्या अधिकृत ग्रंथात दुसरा उपाय योजिलेला आहे. जी गोष्ट भाषेचा नियम नसून मूळ दुभाष्याची रीत आहे, तिच्यापाशी ‘हा सीपायथॉनचा तपशील’ अशी ठळक खूण जागोजागी केलेली आढळते. शिवाय २०११ च्या सुमाराच्या तीनशे नव्व्याण्णव क्रमांकाच्या ठरावाने असे बंधन घातले की, प्रमाण ग्रंथालयात सी मध्ये लिहिलेल्या नव्या भागाला सामान्यतः पायथॉनमधील जोडीदार असावा आणि दोघांनी एकाच कसोटीस उतरावे. दोन कारभार राहणारच असतील, तर निदान सामाईक माप असावे, हा त्यामागील विचार.

आता हा विषय शिकणाऱ्या मुलामुलींकडे वळावे. शाळेत बहुधा एकच दुभाषी असतो आणि तो सीपायथॉन असतो. पडद्यावर जे उत्तर आले ते पायथॉनचे उत्तर, असे विद्यार्थी समजतो. आणि पुष्कळदा शिकविणाराही तसेच सांगतो. रस्त्याच्या एकाच बाजूस जन्मलेल्या मनुष्याला आपल्या बाजूची दिवाबत्ती हीच साऱ्या गावाची वाटावी, तसे हे होते. ‘पायथॉनचा नियम असा आहे’ आणि ‘सीपायथॉनमध्ये असे दिसते’ ही दोन वाक्ये फळ्यावर निरनिराळी लिहिली गेली, तर विद्यार्थ्याची अर्धी वाट सुकर होईल. प्रयोग करून मिळालेले उत्तर पुस्तकातील नियमाशी ताडून पाहण्याची सवय त्याला तेथेच लागेल.

उरलेली वाट आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः चालावयाची आहे. वस्तूच्या नोंदवहीशी खटपट न करता गुण सरळ टिंबाने मागावा. वंशावळ शक्य तितकी साधी ठेवावी. महत्त्वाची मर्यादा दूरच्या पूर्वजाकडून मिळेल अशी आशा न धरता ती त्या वर्गातच लिहावी. आणि आज्ञावली ज्या दुभाष्याखाली अखेर चालावयाची आहे, त्याच दुभाष्याखाली ती एकदा तपासून पाहावी.

पंपनियंत्रकाच्या वर्गात साठ अंशांची एक ओळ लिहिली असती, तर कोणत्याही दुभाष्याने वंशावळ धुंडाळली नसती. विहिरीवरच्या शेतकऱ्याला वर्ग, दप्तरे आणि शोधक्रम यांची माहिती असण्याचे कारण नाही. त्याची मोटर वेळेवर बंद व्हावी एवढीच त्याची अपेक्षा, आणि ती पुरी करण्याचे दायित्व टिंब देऊन गुण मागणाऱ्याचे आहे.